बटाट्याचा सरवा

आखाडा बाळापूर, १२ नोव्हेंबर २०२४

प्रियंकाच्या आईस,

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावाला, शिवशंकरला विचारलं तर तो म्हणाला, ताईचं म्हणणं आहे की दाजी तोंडानं बोललेलं फिरवतात, जे काय असेल ते लिहून द्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे माझं तुला पहिलं पत्र, आणि तेही मेहुण्याच्या पत्त्यावर, नरसीला. पोस्टातल्या माणसाने विचारलं, काका, मोबाईल बिघडला का. मी हो म्हणालो.

तर लिहून देतो. बटाटा लावला. विहिरीकडचा एक एकर, गेल्या साली जिथे हळद होती तोच. सोयाबीन निघालं की रोटाव्हेटर फिरवला, सऱ्या पाडल्या, त्याचे बावन्नशे. बेणं पुखराज जातीचं, आग्र्याकडून आलेलं, नांदेडहून आठ क्विंटल आणलं. भाव बत्तीसशे, भाडं अठराशे. खताचे साडेतेरा हजार. निवडणुकीच्या गडबडीत बाया मिळेनात, सगळ्या सभांना. शेवटी तांड्यावरची जमनाबाई दहा-बारा जणी घेऊन आली. डोळे बघून बटाटा कापायचा असतो, प्रत्येक फोडीला दोन डोळे. त्या बायांनी कापला, मी नुसता बघत उभा होतो.

कर्ज काढलेलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर शिवशंकर गावभर करेल. एकरी शंभर क्विंटल निघतो म्हणतात. पंधरा रुपये किलो धरला तरी दीड लाख. खर्च पाऊण लाख गेला तरी निम्मे हातात, आणि तेही नव्वद दिवसांत. हळदीला नऊ महिने मातीत आणि नंतर महिनाभर कढईपाशी. माझे गुडघे आता कढईपाशी बसत नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

राहिला विषय हळदीच्या बेण्याचा. ते किडलं होतं. कंदमाशी लागली होती. ठेवलं असतं तर सगळंच गेलं असतं, म्हणून विकलं. हे मी तुला जूनमध्येच सांगणार होतो, पण तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस.

थंडी पडायला लागली आहे. तुझी जाड शाल इथेच राहिली. पाठवू का ते कळव.

विश्वंभर


३ जानेवारी २०२५

प्रियंकाच्या आईस,

माझंच पत्र मला परत आलं. लिफाफा नवा, अक्षर तुझं, आत माझा तोच कागद. पहिल्यांदा वाटलं न वाचताच परत केलंस. मग दिसलं, “ते किडलं होतं” या तीन शब्दांखाली पेन्सिलची रेघ आहे. बाकी काही नाही. सातवी शिकलेली बाई बारावी झालेल्या माणसाचा पेपर तपासते म्हणजे कमाल आहे.

बरं. सगळं किडलं नव्हतं. काही गड्डे किडले होते, असं लिहितो.

बटाटा उभा आहे, पण धुकं फार पडलं. मागच्या आठवड्यात सकाळी नऊपर्यंत विहीर दिसत नव्हती. पानांवर करपा आला. आतापर्यंत चार फवारण्या झाल्या, अजून दोन लागतील, सगळे मिळून त्र्याण्णवशे. खुरपणी आणि मातीची भर लावायला अठ्ठेचाळीसशे. ज्यांचं मोबाईलवर बघून मी बटाटा लावला, ते व्हिडिओवाले हे बोलत नाहीत. त्यांचा बटाटा पांढऱ्या, भुसभुशीत मातीतला. आपल्या काळ्या मातीत पाणी दिलं की चिखल आणि नाही दिलं की दगड. जमनाबाईचा पोरगा थावरा बांधावरून बघून म्हणाला, मालक, ही माती बटाटा देईल, पण सोडणार न्हाई. तेव्हा मला राग आला होता.

खर्च लिहायला वही घेतली तर एक गोष्ट दिसली. हळदीच्या सालात खुरपणीचे कधी दोन हजारांच्या वर गेले नाहीत, यंदा अठ्ठेचाळीसशे कसे. पानं उलटून बघितलं. मजूर तेवढेच, रोजाची मजुरी तेवढीच, दिवस मात्र दुपटीहून जास्त. मग लक्षात आलं की प्रत्येक पातीला तू असायचीस, बायांच्या पुढे एक ओळ धरून, आणि तुझा रोज मी कधी लिहिलाच नव्हता. हळद परवडायची ती अशी. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. आता वही माझ्याच हातची आहे, कोणाशी भांडू.

शाल प्रियंकाकडे नांदेडला पाठवली आहे. तिच्याकडून घे.

विश्वंभर


२० फेब्रुवारी २०२५

प्रियंकाच्या आईस,

या वेळी माझं पत्र परत आलं नाही. म्हणजे ‘काही गड्डे’ तुला चालले की तू तपासायचंच सोडलंस, ते कळलं नाही. प्रियंका म्हणते आई ठीक आहे, एवढंच. तीही आजकाल मोजून बोलते.

बटाटा काढला. अडुसष्ट क्विंटल. शंभर नाही, पण पहिल्या खेपेला वाईट म्हणता येणार नाही. थावरा म्हणाला तसंच झालं, मातीने सोडला नाही. ट्रॅक्टरने सऱ्या फोडल्या की ढेकळं निघायची, एकेक ढेकूळ फोडून बायांनी बटाटा काढला. काढणीचे नऊ हजार गेले, बारदाना-हमालीचे चौतीसशे. सगळा खर्च शहात्तर हजार दोनशे. माझे आणि विहिरीचे धरलेले नाहीत.

हिंगोलीचा एक व्यापारी गाडी घेऊन शेतावर आला होता. बटाट्याला चिकटलेली माती नखाने काढून बघितली, गोळीएवढा बारीक बटाटा बाजूला सारला आणि साडेनऊ रुपये किलो म्हणाला. सगळा देऊन टाकला तर चौसष्ट हजार सहाशे होत होते. म्हणजे तीन महिने राबून साडेअकरा हजार पदरचे घालायचे. मी नाही म्हणालो. आपण काय भावासाठी कोणाच्या पाया पडणारी माणसं आहोत का. दोन वर्षं घरात ठेवलेली हळद आपण चौदा हजारांनी विकली होती, सगळं गाव सहा हजारांना विकून मोकळं झालं होतं तेव्हा. त्याच पैशात प्रियंकाचं लग्न झालं. थांबणाऱ्याला भाव मिळतो, हे मी त्याला सांगितलं.

तो गाडीत बसता बसता म्हणाला, “काका, ये हल्दी नहीं है. ये रुकता नहीं.”

त्याला माल स्वस्तात पाहिजे, तो असंच बोलणार. सगळा बटाटा निंबाखाली नीट ढीग घालून ठेवला आहे, वरून पाचोळा अंथरला. हळदीचं बेणं ठेवतो तसाच, त्याच जागी. पाडव्यापर्यंत भाव चढेल.

जमनाबाई आणि तांड्यावरच्या बाया सरवा, काढणीनंतर मातीत राहिलेला माल, वेचायला आल्या होत्या. आल्या तशा गेल्या.

विश्वंभर


२ एप्रिल २०२५

प्रियंकाच्या आईस,

पाडवा रविवारी झाला. गुढी मी एकट्यानेच उभारली. गाठी आणायची विसरलो, शेजारच्या गोजरबाईने दिली.

भाव चढला. तेरा रुपये झाला. व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला आज येतो. मग मी ढिगावरचा पाचोळा सारला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून वास येत होता. मला वाटलं कुठे उंदीर मेला असेल. खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं आणि मी पाचोळा उचलून बघत नव्हतो. वरचा थर हिरवा पडला होता, मधला कोंब आलेला आणि खालचा सगळा पाणी. हात घातला की मनगटापर्यंत चिकट. तो वास अंगाला लागला की साबणाने जात नाही. उन्हं चाळिशीला गेली होती आणि मी पाचोळ्याखाली बटाटा झाकून बसलो होतो, हळद समजून. व्यापारी आला, नाकाला रुमाल लावला. निवडून निवडून एकोणीस क्विंटल निघाला. चोवीस हजार सातशे मिळाले. बाकीचा उकिरड्यात ओढून टाकायला दोन दिवस लागले.

साडेएक्कावन्न हजार गेले. साडेअकरा जात होते तेव्हा मला ते फार वाटले.

तो ढीग सारताना, पाचोळ्याखाली हात घालताना, मला तू दिसलीस. आता लिहून देतो, यापुढे रेघ ओढायला जागा ठेवत नाही. बेणं किडलेलं नव्हतं. एकही गड्डा किडलेला नव्हता. प्रियंका बाळंत झाली तेव्हा तू तिच्याजवळ नांदेडच्या दवाखान्यात आठ दिवस होतीस. त्या आठ दिवसांत मी अठरा क्विंटल बेणं अठ्ठेचाळीसशेच्या भावाने विकलं. शहाऐंशी हजार चारशे. तू म्हणाली होतीस, बटाटा करायचा तर करा, पण निम्मं बेणं राहू द्या. मला वाटलं निम्मं ठेवलं की तू पुन्हा हळदच लावायला लावशील.

आणि विकल्यावर पाचोळा होता तसा रचून ठेवला, खाली भरलेलं असल्यासारखा. तू बाळ-बाळंतिणीला घेऊन घरी आलीस, महिनाभर त्या ढिगासमोरून पाण्याला गेलीस, आणि मी रोज म्हणत होतो, पाऊस पडू दे, मग लावू. प्रियंकाला सासरी पाठवायच्या दिवशी तिच्या ओटीत घालायला तू पाच गड्डे काढायला गेलीस. तुझ्या आईने प्रियंकाच्या वेळी तुझ्या ओटीत पाच गड्डे घातले होते, त्याच पाचांचे तू सव्वीस वर्षांत अठरा क्विंटल केले होतेस. तू पाचोळा उचललास आणि खाली झाडून काढलेली जमीन होती. पोरीची ओटी तांदूळ-खोबऱ्याने भरलीस, तिला गाडीत बसवलंस आणि चौथ्या दिवशी स्वतः गेलीस.

बेणं विकलं ते एक. पाचोळा रचून ठेवला, त्याची मला जास्त लाज वाटते.

विश्वंभर


१८ मे २०२५

प्रियंकाच्या आईस,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो आता. सवय झाली. दुपारी करायला तसंही काही नसतं.

परवा तांड्यावर गेलो होतो, थावराकडे नांगरटीचं विचारायला. थावरा नव्हता. जमनाबाईच्या घरामागे चिंचेखाली एक लहानसा ढीग होता, पाचोळ्याने झाकलेला. मी विचारलं काय आहे. ती म्हणाली बेणं. मी पाचोळा उचलला. मी काही तुझ्यासारखा हळद नुसत्या वासावरून ओळखणारा नाही, पण ते गड्डे ओळखले. तसे जाड, आत गडद, बोटाने खरवडलं की नारिंगी. बाळापुरात आणखी कोणाकडे नाहीत.

गेल्या साली मार्चमध्ये आपली हळद निघाली तेव्हा तू बायांना सरवा वेचू दिला होतास. मी कुरकुर करत होतो की अजून एकदा नांगर घालू, पोतंभर निघेल, कशाला फुकट घालवतेस. तू म्हणालीस, सरव्याला न्हाई म्हणायचं नसतं, ते आपलं नसतंच. बाया बांधावर उभ्या होत्या. या म्हणून तू पदर झटकलास आणि त्या आत आल्या. जमनाबाईने तीन दिवस वेचून पोतंभर गोळा केलं होतं. तिने ते विकलं नाही, दोन गुंठ्यांत लावलं. त्याचं हे दीड पोतं बेणं.

मी तिथेच खाली बसलो. म्हणालो, जमनाबाई, हे मला दे. मागशील तो भाव देतो.

ती बाजरी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “हे तुमच्या सरव्यातलं न्हाई, मालक. वहिनीच्या सरव्यातलं हाय. द्यायचं तर मी त्यांच्या हातात देईन.”

मी म्हणालो, अगं, शेत तर एकच आहे.

“शेत येकच हाय,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत आमी त्याच बांधावर हुभ्या होतो. तुमी काहून हाकलून दिलं?”

हे मी तुला लिहिलं नव्हतं. आल्या तशा गेल्या असं लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. व्यापारी साडेनऊ सांगून गेला त्याच दिवशी त्या आल्या होत्या, आठ-नऊ जणी, टोपली घेऊन. दोन तास बांधावर उभ्या होत्या. माझ्या डोक्यात साडेअकरा हजार होते. मी म्हणालो, सरवा-बिरवा काही नाही, पुन्हा नांगर घालणार आहे, चला निघा. ज्या बायांनी ढेकळं फोडून बटाटा काढला, त्यांनाच. त्या शेताच्या बांधावरून सत्तावीस वर्षांत कोणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं. पुन्हा नांगर मी घातलाच नाही. ते बटाटे तिथेच मातीत सडले.

मी उठून आलो. तिने चहाचं विचारलं होतं, मी नको म्हणालो. ती बरोबर होती.

विश्वंभर


२६ जून २०२५

करुणा,

नाव लिहिताना हात अडला. कधी तोंडाने घेतलं नाही, मग हाताला कुठून सवय असणार. पण आता प्रियंकाची आई म्हणून लिहिण्यासारखं काही उरलं नाही, जे आहे ते तुलाच सांगायचं आहे.

जमनाबाई काल आली होती. ते दीड पोतं बेणं दोन पिशव्यांत भरून ती एसटीने हिंगोलीला आणि तिथून नरसीला तुझ्याकडे गेली होती, हे तिनेच सांगितलं. म्हणाली, वहिनीने पहिले पाच गड्डे निवडून बाजूला ठेवले, प्रियंकासाठी. बाकीचं शिवशंकरच्या घरामागे, बोअरच्या पाण्यावर, पाच-सहा गुंठ्यांत लावलं. तू स्वतः सरीत बसून लावलंस, आणि तिलाही दोन दिवस ठेवून घेतलंस. जाताना तिचा दोन दिवसांचा रोज दिलास, ती नको म्हणत असताना.

मी विचारलं, माझं काही विचारलं का.

जमनाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “येकच विचारलं. बटाट्याचा सरवा दिला का म्हून. मी खोटं काहून बोलू. न्हाई म्हणले.”

मग तू काय म्हणालीस, हेही विचारलं. ती म्हणाली, वहिनी पुढची सरी लावायला बसल्या.

ते ऐकल्यापासून मी थकलोय, करुणा. बटाट्याने एवढा थकलो नव्हतो. साडेएक्कावन्न हजारांचं काही ना काही होईल, सोयाबीन पेरलंय, वर्ष कसंतरी निघेल. पण तू एवढ्या दिवसांत माझ्याबद्दल एकच गोष्ट विचारलीस आणि त्याचं उत्तर ‘नाही’ होतं. पत्रात कितीही कबूल केलं तरी ते पुसलं जाणार नाही, कारण ते मी बेणं विकल्यानंतर, तू गेल्यानंतर, सगळं कळत असताना केलं.

ये म्हणून लिहिणार नाही. तुझं बेणं आता तिथल्या मातीत आहे, त्याला सोडून तू येणार नाहीस आणि येऊही नयेस. निंबाखालची जागा मी धुऊन काढली, वास गेला. ती रिकामीच ठेवली आहे.

विहिरीकडच्या एकराचं सांगतो. सोयाबीन निघालं की बायांना बोलावून सरवा देणार आहे. जमनाबाईला तसं सांगितलं. ती हो म्हणाली नाही, बघू म्हणाली. येतील न येतील, तो त्यांचा हक्क आहे.

आणि एक विचारायचं आहे. तुझी हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघेल. काढणीला तू मला बोलावणार नाहीस आणि मी मागणारही नाही. काढणी होऊ दे, तुझ्या बाया तुझा माल घेऊन जाऊ देत. त्यानंतर मातीत जे राहील, ते वेचायला मी आलो तर चालेल का. पोतं मी माझं आणीन. जमनाबाईला आधी वेचू दे, तिच्या मागे जे उरेल ते.

शिवशंकरच्या बांधापर्यंत येईन आणि तिथेच उभा राहीन. दोन तास असोत की दिवसभर. तू पदर झटकल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही.

विश्वंभर